जीआयएस आणि पालिकेची सॉफ्टवेअर: नकाशाच्या आधी क्रमांक जोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्थानिक संस्थेत जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा आणि त्यांना जोडलेल्या माहितीचा, स्वतंत्र कक्ष आहे. इमारती, रस्ते, प्रभाग, जलवाहिन्या यांचे लेयर (नकाशाचे वेगवेगळे थर) त्याच्याकडे आहेत. मालमत्ता कर, बांधकाम परवानगी, नळजोड आणि तक्रारी यांची चार वेगळी सॉफ्टवेअर आहेत आणि चारही पुरवठादार वेगळे. प्रत्येक जण म्हणतो, 'आमच्यातच जीआयएस मॉड्यूल टाकून देतो.' वरिष्ठांचे म्हणणे, सगळे 'सामायिक सेवां'नी जोडा. म्हणजे नेमके काय करायचे, सुरुवात कुठून करायची, आणि शेजारच्या लहान संस्थांबरोबर मिळून एकच यंत्रणा चालवता येईल का?

चार मॉड्यूल घेऊ नका, एवढे आधी सांगून टाकतो. चार मॉड्यूल म्हणजे चार नकाशे, आणि वर्षभरात त्या चार नकाशांवर प्रभागांच्या चार वेगळ्या सीमा. कराच्या पडद्यावर एक घर या प्रभागात, तक्रारींच्या पडद्यावर तेच घर शेजारच्या प्रभागात. मग बैठका सुरू होतात, आणि बरोबर कोण ते त्या बैठकांत ठरत नाही. ज्याचा प्रिंटआउट मोठा, त्याचे खरे धरले जाते.

'सामायिक सेवा' या शब्दाला उगाच वजन आले आहे. अर्थ साधा आहे. जागेशी संबंधित एखाद्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी तयार व्हायचे आणि ज्या सॉफ्टवेअरला हवे त्याने ते तिथून मागून घ्यायचे. या मिळकतीचा प्रभाग कोणता? या बिंदूला सर्वांत जवळचा व्हॉल्व्ह कोणता? हा भूखंड पूररेषेत येतो का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नकाशा नाही. उत्तर म्हणजे एक क्रमांक, एक नाव, नाहीतर सरळ हो किंवा नाही. खिडकीवर बसलेल्या माणसाला नकाशा नको असतो. त्याच्यापुढे रांग असते.

हे मी ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या एका कामात आम्ही कराच्या सॉफ्टवेअरमध्ये देखणा नकाशा बसवला होता. लेयर चालू-बंद करा, झूम करा, मोजपट्टी लावा, सगळे होते. सहा महिन्यांनी लॉग काढून पाहिला तर नकाशा दिवसाला शेकडो वेळा उघडला जात होता. आम्ही खूश. मग कोणीतरी खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. कारकून नकाशा उघडून लगेच बंद करत होते, कारण तो उघडल्याशिवाय अर्ज सेव्हच होत नव्हता. पुढच्या आवृत्तीत आम्ही नकाशा काढला आणि त्या जागी एक ओळ ठेवली: प्रभाग, झोन, आणि 'नकाशात पहा' अशी छोटी लिंक. कोणाचीही तक्रार आली नाही.

आता मुख्य गोष्ट. जोडणी नकाशाची नसते, ओळखीची असते. चारही सॉफ्टवेअर आणि जीआयएस एकाच घराला एकाच क्रमांकाने ओळखत असतील तर बाकीचे काम काही आठवड्यांचे आहे. तसे नसेल तर जगातला कुठलाही सर्व्हर आणला तरी उपयोग नाही. ब्रिटनमध्ये यासाठी यूपीआरएन नावाचा क्रमांक आहे. तो जास्तीत जास्त १२ अंकी असतो, मालमत्ता नोंदीत येते तेव्हा स्थानिक संस्था तो देते, आणि इमारत पाडली तरी तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. जुलै २०२०पासून हे क्रमांक आणि त्यांचे स्थान खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येते. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की त्या आकड्यांना काही अर्थ नाही. आपल्याला क्रमांकात अर्थ कोंबायची फार हौस: पहिले दोन अंक प्रभागाचे, पुढचे तीन रस्त्याचे, मग घराचा अनुक्रमांक. वाचायला छान वाटते. पण पुढच्या प्रभागरचनेत सीमा सरकते आणि हजारो मिळकतींचा क्रमांक एका रात्रीत खोटा ठरतो. तो बदलावा तर जुन्या पावत्या जुळत नाहीत, न बदलावा तर क्रमांक एक सांगतो आणि नकाशा दुसरे. क्रमांक मुका असावा. प्रभाग हा मिळकतीचा गुणधर्म आहे, तिच्या नावाचा भाग नाही.

क्रमांक ठरला तरी त्याचे आयुष्य असते, आणि बहुतेक प्रकल्प तिथे फसतात. एका ठिकाणची गोष्ट सांगतो. मोठ्या भूखंडावरचे एक घर तीन भावांत वाटले गेले. कर विभागाने जुना क्रमांक बंद करून तीन नवे दिले. जीआयएसमध्ये मात्र एकच पॉलिगॉन (जागेची नकाशावरची बंद आकृती) राहिला, जुन्याच क्रमांकाने, कारण वाटणी झाल्याचे त्या कक्षाला कोणी कळवलेच नव्हते. नळजोड जुन्या क्रमांकावर. मधल्या भावाने बांधकामाची परवानगी घेतली, ती 'जुना क्रमांक, भाग ब' अशी नोंदली गेली. काही वर्षे सगळे सुरळीत चालले, कारण चारही सॉफ्टवेअरना एकाच वेळी कोणी काही विचारले नव्हते. जोडणी झाली आणि पहिल्याच रात्री नळजोडाच्या सॉफ्टवेअरने विचारले: हा मिळकत क्रमांक अस्तित्वात आहे का? कराकडून उत्तर आले: नाही. सॉफ्टवेअरने आपले काम चोख केले, जोडणी 'अनधिकृत' यादीत टाकली आणि नोटीस छापली. थोरला भाऊ पाणीपट्टीच्या सगळ्या पावत्या पिशवीत घालून आला. त्या दिवशी कार्यालयात जे ऐकून घ्यावे लागले ते योग्यच होते.

चूक कोडमध्ये नव्हती, 'नाही' या उत्तरात होती. बंद झालेल्या क्रमांकाला 'सापडला नाही' असे म्हणायचे नसते. उत्तर असे यायला हवे: हा क्रमांक या तारखेला बंद झाला, कारण विभाजन, त्याऐवजी हे तीन. त्यासाठी एक छोटा तक्ता पुरतो. जुना क्रमांक, नवा क्रमांक, कारण, तारीख. विभाजनात एका जुन्यासमोर अनेक नवे येतात, एकत्रीकरणात उलट. इतका साधा तक्ता आहे, पण मी पाहिलेल्या निविदांपैकी फार थोड्यांत त्याचा उल्लेख होता. तीन मिती असलेल्या नकाशाचा उल्लेख मात्र जवळजवळ सगळ्यांत.

क्रमांकाच्या पातळ्याही वेगळ्या ठेवा: भूखंड, इमारत, आणि इमारतीतला गाळा किंवा सदनिका. जमिनीवर पॉलिगॉन एक असतो आणि कराची खाती चाळीस. चाळीस खाती एकाच पॉलिगॉनला चिकटवली की नकाशावर क्लिक केल्यावर पहिले खाते दिसते आणि उरलेली एकोणचाळीस गायब होतात. मूळ आणि पोटक्रमांक असे नाते ठेवले की हा गोंधळ होत नाही.

सुरुवातीची जुळणी, म्हणजे कराच्या नोंदी आणि नकाशावरचे पॉलिगॉन यांचे लग्न लावणे, हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याला जवळची वाट नाही. आधी क्रमांकावरून जे जुळते ते जुळवा. मग पत्त्यावरून. उरलेल्यांसाठी माणूस जागेवर पाठवा. प्रत्येक जोडीसमोर ती कशावरून जुळवली ते लिहून ठेवा आणि ही खूण सेवेच्या उत्तरातही जाऊ द्या. पत्त्यावरून अंदाजे जुळवलेल्या नोंदीवर तक्रारीसाठी माणूस पाठवायला हरकत नाही. तिच्यावर नोटीस काढू नये. कुठल्या कामाला किती खात्री लागते हे प्रत्येक विभागाने ठरवायचे, पण किती खात्री आहे हे सांगणे सेवेचे काम.

पत्त्यावरून जुळवताना देवनागरीत एक खास पंचाईत आहे. 'ॲ' हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते आणि 'अ'वर चंद्र देऊनही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचे) नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी या जोड्या एक होत नाहीत. तुलना करण्याआधी ही रूपे स्वतः एकसारखी करून घ्यावी लागतात. शिवाय शेपफाइल (नकाशे देण्याघेण्याचा जुना फाइल प्रकार) अजून फिरत असेल तर तिच्या मर्यादा ध्यानात ठेवा: रकान्याचे नाव १० बाइटचे आणि मजकुराचा रकाना फार तर २५४ बाइटचा. यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे रकान्याच्या नावात तीनच चिन्हे बसतात, आणि लांब पत्ता ८४व्या चिन्हानंतर निमूटपणे कापला जातो. फाइलच द्यायची असेल तर जिओपॅकेज द्या. एकच फाइल, आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, आणि शेपफाइलच्या या मर्यादा नाहीत.

आता सेवा कशा दिसाव्यात. जीआयएसवाल्यांची पहिली ऊर्मी असते की आपला सर्व्हर आहे, तर त्याचा डब्ल्यूएफएसचा, म्हणजे नकाशातले घटक थेट देणाऱ्या सेवेचा, पत्ता सगळ्यांना देऊन टाकावा. तांत्रिकदृष्ट्या हे चालते. ओपन जिओस्पॅशियल कन्सोर्टियम ही संस्था १९९४पासून या मानकांवर काम करते. नकाशाचे चित्र देणारे डब्ल्यूएमएस २००० साली आले, घटक देणारे डब्ल्यूएफएस २००२ साली, आणि आजच्या वेब प्रोग्रामरला ओळखीची वाटेल अशी 'ओजीसी एपीआय फीचर्स' २०१९ साली. जीआयएसमधून जीआयएसमध्ये माहिती न्यायची असेल तर हीच वापरा, दुसरे काही शोधू नका.

पण कराच्या सॉफ्टवेअरचा प्रोग्रामर भूमिती शिकायला बसलेला नाही. त्याच्या हाती डब्ल्यूएफएस दिलात तर तो एकच गोष्ट करेल: सगळा प्रभागांचा लेयर एकदा उतरवून घेईल, आपल्या डेटाबेसात ठेवेल आणि बिंदू कुठल्या पॉलिगॉनात पडतो ते स्वतः शोधेल. पुन्हा चार नकाशे. म्हणून मानक सेवांच्या पुढे एक पातळ थर ठेवा, जो कार्यालयाच्या भाषेत बोलतो. मागणी: मिळकत क्रमांक आणि तारीख. उत्तर: प्रभाग १२, या तारखेपासून लागू, सीमांच्या लेयरची आवृत्ती ७, जुळणी थेट क्रमांकावरून. साधे जेसन (सॉफ्टवेअर आपसात वापरतात तो मजकुराचा साचा), त्यात एकही पॉलिगॉन नाही.

मागणीतली तारीख शोभेची नाही. प्रभागांच्या सीमा, कराचे झोन, विकास आराखड्यातले वापर हे सगळे बदलत असते. तीन वर्षांपूर्वीच्या देयकावर अपील आले तर तेव्हाचा झोन लागतो, आजचा नाही. म्हणून सीमा बदलताना जुना पॉलिगॉन पुसू नका. त्याला 'इथपर्यंत लागू' अशी तारीख लावा आणि नवा शेजारी ठेवा. हे पहिल्या दिवसापासून केले तर खर्च शून्य आहे. पाच वर्षांनी करायला बसलात तर जुन्या सीमा कुठल्यातरी बंद पडलेल्या संगणकात शोधाव्या लागतात.

सीमेवरच्या मिळकतींचे काय? मिळकतीचा मध्यबिंदू काढून तो ज्या प्रभागात पडतो तो प्रभाग, असे बहुतेक जण करतात. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची इमारत घ्या. तिचा मध्यबिंदू इमारतीच्या बाहेर, अंगणात पडू शकतो, आणि ते अंगण शेजाऱ्याचे असू शकते. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसात पॉलिगॉनच्या आतच पडेल असा बिंदू देणारे वेगळे फंक्शन आहे, तेच वापरा. आणि भूखंड खरोखरच दोन झोनमध्ये विभागला गेला असेल तर सेवेने स्वतःच्या मर्जीने एक निवडू नये. दोन्ही झोन आणि प्रत्येकातला हिस्सा सांगावा. निर्णय अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे घ्यावा. सेवा लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या एका ओळीने कोणाचा कर ठरू नये.

सहनिर्देशकांबद्दल, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांबद्दल, लिहिताना हात जरा आखडता घेतो, नाहीतर उत्तर इथेच संपेल. तीन खड्डे नेहमीचे आहेत. पहिला क्रमाचा. जिओजेसन या जेसनमधून भूमिती देण्याच्या २०१६च्या मानकात आधी रेखांश, मग अक्षांश. डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीतही ईपीएसजी ४३२६साठी (अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीचा हा क्रमांक) तसेच. पण १.३.० आवृत्तीत त्याच ४३२६साठी आधी अक्षांश, मग रेखांश. तक्रारींचे बिंदू भलत्याच देशात किंवा समुद्रात दिसू लागले तर आधी हे तपासा. सगळे बिंदू एकाच ठिकाणी, शून्य अक्षांश शून्य रेखांशावर, जमले असतील तर कारण वेगळे आहे: मोबाइलने जागा दिलीच नाही आणि कोणीतरी रिकाम्या रकान्यात शून्य भरले.

दुसरा खड्डा क्षेत्रफळाचा. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर पसरवण्याची एक रीत) असतात, ईपीएसजी ३८५७. त्याचे एकक मीटर आहे म्हणून लोक त्यावरच मोजमाप करतात. पण विषुववृत्तापासून दूर जाल तसा हा प्रक्षेप फुगत जातो. २० अंश अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त येते, ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. या आकड्यावर कर आकारला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. क्षेत्रफळ तुमच्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजण्याची पद्धत) किंवा सर्वेक्षण खात्याने ठरवलेल्या प्रक्षेपात काढा आणि सेवेतून तयार आकडा द्या. कोणाला मोजायला लावू नका.

तिसरा खड्डा आधारप्रणालीचा, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या पायावरून मोजले त्याचा, आणि तो लक्षात यायला वर्षे जातात. ऑस्ट्रेलिया खंड दरवर्षी सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. तिथे जीडीए९४ या जुन्या आधारप्रणालीवरून जीडीए२०२०वर जाताना सगळा देश कागदावर सुमारे १.८ मीटर हलला. जलवाहिनी खोदायला गेलेल्या माणसाला १.८ मीटर म्हणजे दुसऱ्याच्या केबलवर कुदळ. म्हणून प्रत्येक बिंदूबरोबर त्याची आधारप्रणाली लिहिलेली असावी. 'सगळे डब्ल्यूजीएस ८४च (जीपीएसची आधारप्रणाली) असते' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांच्याकडे कधीच सगळे तसे नव्हते.

आता ज्याने माझी झोप उडवली होती तो प्रसंग. करात सवलतीची मुदत संपण्याचा शेवटचा दिवस, सगळ्या खिडक्यांवर रांगा. पावती सेव्ह होताना कराचे सॉफ्टवेअर आमच्या सेवेला प्रभाग विचारत असे आणि उत्तराची वाट पाहत असे. त्याच दुपारी दुसऱ्या विभागाने त्याच सर्व्हरवर सगळ्या शहराच्या हवाई छायाचित्रांच्या टाइल (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे) बनवायला लावल्या. प्रभागाचे उत्तर यायला आधी तीन सेकंद, मग तीस, मग काहीच नाही. पावत्या थांबल्या. पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आम्ही नकाशामुळे परत पाठवत होतो.

त्यानंतर नियम केला: पैसे घेण्याचे किंवा अर्ज स्वीकारण्याचे काम स्थान-सेवेवर कधीही अडता कामा नये. कराच्या सॉफ्टवेअरने प्रभागाची प्रत आपल्याकडे ठेवावी, ती कधी घेतली त्या तारखेसह. ताजे उत्तर मागावे, दोन सेकंद थांबावे, आले नाही तर जवळच्या प्रतीवर काम पुढे न्यावे आणि 'नंतर पडताळा' अशी खूण करावी. इथे कोणीतरी हमखास म्हणते की मग एकच मूळ स्रोत कुठे राहिला? प्रत ठेवणे गुन्हा नाही. प्रतीत बदल करणे गुन्हा आहे. प्रभागाचा रकाना कराच्या पडद्यावर दिसू द्या, पण तिथे टाइप करता येऊ देऊ नका. आणि टाइल बनवणारा सर्व्हर वेगळा ठेवा, हे सांगायला नको होते, पण आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

बदल एकमेकांना कळवण्यासाठी मोठ्या थाटाची इंटिग्रेशन बस (सगळ्या सॉफ्टवेअरमधले निरोप पोचवणारी मधली यंत्रणा) विकायला लोक येतील. बहुतेक संस्थांना तिची गरज नसते. प्रत्येक सॉफ्टवेअरने एक सेवा द्यावी: 'अमुक अनुक्रमांकानंतर काय काय बदलले?' बाकीच्यांनी ती रोज रात्री विचारावी. दिवसाला काही डझन विभाजने आणि काही शेकडो नव्या नोंदी असतील, तर याला एक रात्र नव्हे, एक मिनिट लागते. तारखेऐवजी अनुक्रमांक अशासाठी, की दोन सर्व्हरची घड्याळे कधीच जुळत नाहीत. आणि तोच बदल दोनदा आला तरी काही बिघडू नये, अशा रीतीने तो स्वीकारा. कारण तो दोनदा येणारच. अपवाद तक्रारींचा. फुटलेल्या वाहिनीची तक्रार सकाळपर्यंत थांबू शकत नाही, ती लगेच ढकलावी लागते. तक्रारींसाठी ओपन३११ या नागरी तक्रारींच्या खुल्या मानकाची जिओरिपोर्ट ही पद्धत पाहून ठेवा. तिच्यात तक्रारदाराने अक्षांश-रेखांश, पत्ता किंवा पत्त्याचा क्रमांक यांपैकी काहीतरी एक दिले की पुरते. लोक खरोखर तसेच सांगतात.

उलट दिशेने, म्हणजे जीआयएसने कराच्या सॉफ्टवेअरमधून माहिती घ्यायची, तेव्हा सावध राहा. थकबाकीचा रंगीत नकाशा सगळ्यांनाच हवा असतो. मालकाचे नाव, फोन, थकीत रक्कम असा सगळा तक्ता लेयरला जोडला जातो, आणि नकाशावर फक्त लाल-पिवळे रंग दिसतात म्हणून सगळे निर्धास्त. पण त्याच लेयरवर डब्ल्यूएफएस चालू असेल तर ज्याला पत्ता माहीत आहे तो एका ओळीच्या विनंतीत सगळे रकाने उतरवून घेतो. रंग म्हणजे पडदा नव्हे. सार्वजनिक लेयरसाठी वेगळा व्ह्यू (तक्त्यातले निवडक रकानेच दाखवणारे रूप) बनवा, त्यात क्रमांक आणि लागतील तेवढेच रकाने ठेवा. नाव कधीच जीआयएसमध्ये आणू नका. ते कराच्या सॉफ्टवेअरमध्ये राहू दे, ज्याला अधिकार आहे तो तिथे लॉगिन करून पाहील. थकबाकी सार्वजनिक दाखवायचीच असेल तर प्रभागाची बेरीज दाखवा, घराची नाही.

शेजारच्या संस्थांबरोबर मिळून चालवण्याबद्दल. लहान संस्थेला जीआयएस जाणणारा पूर्णवेळ माणूस परवडत नाही, आणि एखादा मिळाला तरी दोन वर्षांत तो मोठ्या पगारावर जातो. म्हणून चार-पाच संस्थांनी एक केंद्र चालवणे शहाणपणाचे आहे. पण काय सामायिक करायचे ते नीट वेगळे करा. सर्व्हर, बॅकअप, सेवांची रचना, क्रमांकाचे नियम, प्रशिक्षित माणसे, हे सगळे एकत्र. मिळकतींची माहिती आणि ती बदलण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडे. केंद्रातल्या माणसाने परस्पर कोणाचा पॉलिगॉन सरळ करू नये, तो कितीही वाकडा दिसत असो. त्याने संबंधित संस्थेला कळवावे. प्रत्येक सेवेच्या मागणीत संस्थेचा कोड असावा, नाहीतर दोन संस्थांचा '१०२' एकमेकांत मिसळतो. आणि एखाद्या संस्थेला बाहेर पडायचे असेल तर तिची माहिती इतिहासाच्या तक्त्यासह, खुल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत मिळेल ते करारात आधीच लिहा. सगळे गोडीगुलाबीने चालले असताना हे कलम लिहून होते. बिनसल्यावर होत नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे तुम्ही विचारलेले नाही, आणि ते बरे झाले. पोस्टजीआयएस, जिओसर्व्हर आणि क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर हे सगळे उभे राहते, विकतच्यावरही राहते. तुमच्याकडे जे चालवणारी माणसे आहेत ते घ्या. पुरवठादारांच्या करारात मात्र तीन गोष्टी नावानिशी हव्यात: मुका मिळकत क्रमांक साठवणे, बदलांची यादी देणारी सेवा, आणि त्या सेवेची रचना बदलायची असेल तर जुनी आवृत्ती किमान वर्षभर चालू ठेवणे. 'जीआयएसशी सुसंगत' असे शब्द करारात ठेवून काही मिळत नाही. ते वाक्य कशालाही लागू पडते.

सुरुवात एकाच सेवेने करा: मिळकत क्रमांक द्या, प्रभाग आणि स्थान घ्या. तिचे गिऱ्हाईक दोनच ठेवा, कर आणि तक्रारी. एक गिऱ्हाईक असेल तर तुम्ही नकळत सेवा त्याच्या सोयीची बनवता; दुसरे आले की खरे मतभेद बाहेर येतात, आणि ते लवकर आलेले बरे. बांधकाम परवानगी त्यानंतर, कारण तिथे भूमिती खरोखर लागते आणि वेळ जातो. नळजोड शेवटी.

सेवा सुरू करण्याआधी दोनशे मिळकती हाताने निवडा आणि त्यांची बरोबर उत्तरे कागदावर लिहून त्या-त्या विभागाची सही घ्या. रोज पहाटे यंत्राने या दोनशेंचे प्रश्न सेवेला विचारावेत आणि एकही उत्तर वेगळे आले तर जीआयएस कक्षाला कळवावे. निवडताना सरळ रस्त्यावरची चौकोनी घरे घेऊ नका, ती कधीच चुकत नाहीत. सीमेवरची घ्या, चाळीस खात्यांची इमारत घ्या, एलच्या आकाराची घ्या, नावात 'ॲ' असलेल्या रस्त्यावरची घ्या. आणि त्या तीन भावांसारखे भूखंड त्यांत निदान वीस तरी असू द्या.